साक्षीदार नसलेली वेदना

मराठी भाषेने ‘डोकेदुखी’ या शब्दावर नकळत एक अन्याय केलेला आहे. वर्षानुवर्षे रेंगाळलेला जमिनीचा दावा, ऐन सणाच्या दिवशी गेलेली वीज, भांडकुदळ शेजारी, या साऱ्यांची संभावना आपण या एकाच शब्दाने करतो. भ्रष्टाचाराला समाजाचा कर्करोग म्हणताना निदान त्या रोगाचे गांभीर्य आपण मान्य केलेले असते. डोकेदुखी म्हणताना मात्र, जे त्रासदायक आहे पण फारसे महत्त्वाचे नाही, तेच आपल्याला सुचवायचे असते. त्याचा परिणाम असा झाला आहे की, ज्याचे डोके खरोखरच दुखत असते त्याने ते बोलून दाखविले तरी ऐकणाऱ्याच्या कानी तो शब्द आधीच हलका होऊन पडतो.

जुन्या माणसांजवळ अधिक नेमका शब्द होता : अर्धशिशी. तो शब्द उच्चारताच समोरचा माणूस आवाज खाली आणी, खिडकी लोटून घेई. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांतील ‘अर्धावभेदक’ हा दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अवचित उठतो, असे तेथे म्हटले आहे. तिकडे दुसऱ्या शतकात गालेन या ग्रीक वैद्याने अर्ध्या कवटीवरूनच या विकाराचे नाव सांगितले आणि ते झिजत झिजत आजचे ‘मायग्रेन’ झाले. आमच्या घरांतून सुंठ उगाळून कपाळावर लेप दिला जाई, डोक्याला फडके आवळून बांधले जाई. अमृतांजनाची पिवळी बाटली १८९३ साली मुंबईतच जन्माला आली. तेव्हा हा आजार अलीकडच्या धावपळीचा, संगणकाचा किंवा सुखवस्तू घरांतल्या रिकामपणाचा आहे, असे जे अधूनमधून ऐकू येते, त्याला कसलाच आधार नाही.

परंतु आम्हांला येथे आजाराचा इतिहास लिहावयाचा नाही. आम्हांला एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जी वेदना दिसत नाही, मोजता येत नाही आणि जिने माणूस मरतही नाही, तिचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असू तर ते दयेपोटी की न्यायापोटी?

हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. एलेन स्कॅरी या अमेरिकन विदुषीने १९८५ साली शारीरिक वेदनेवर एक ग्रंथ लिहिला. तीत तिने असे दाखविले की, वेदना ज्याची त्याला जितकी निःसंशय असते, तितकीच ती दुसऱ्याला संशयास्पद वाटू शकते. एकाच खोलीत बसलेल्या दोन माणसांपैकी एकाला जगातील सर्वांत खात्रीची वाटणारी गोष्ट दुसऱ्याच्या लेखी केवळ एक विधान असते. मोडलेला हात ही अडचण स्वतःच सोडवतो, कारण प्लॅस्टर सर्वांना दिसते. डोक्यातील वेदनेला प्लॅस्टर नाही.

पवित्र शास्त्रातील दोन प्रसंग या संदर्भात आम्हांला नेहमी आठवतात. एक सर्वांच्या तोंडी असलेला, यरीहोच्या वाटेवरील शोमरोनी माणसाचा. जखमी माणूस रस्त्याकडेला पडला होता, त्याच्या जखमा उघड्या होत्या. याजक आणि लेवी यांनी त्याला पाहिले आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांचा दोष मोठा आहे, पण तो सरळ आहे : त्यांना दिसले होते. दुसरा प्रसंग राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील, फारसा न सांगितला जाणारा. शूनेमच्या बाईचा मुलगा कापणीच्या दिवसांत बापाकडे शेतात जातो आणि एकाएकी आपले डोके दुखत असल्याचे ओरडून सांगतो. बाप नोकराला म्हणतो, याला आईकडे ने. मूल दुपारपर्यंत आईच्या मांडीवर राहते आणि मरते. अलीशा संदेष्ट्याने पुढे काय केले, हा त्या अध्यायाचा मुख्य विषय. आमचे लक्ष मात्र त्या बापाकडे जाते. तो निर्दय नव्हता. कापणी चालू होती, मजूर शेतात होते, आणि डोके दुखणे ही घरातली, आईने पाहावयाची बाब होती. आजही पुष्कळ घरांत, कचेऱ्यांत आणि रुग्णालयांत डोकेदुखीची रवानगी अशीच ‘आईकडे’ होत असते.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते थोडक्यात पाहू. डोकेदुखीचे दोन मोठे वर्ग आहेत. एकीत डोके दुखणे हे दुसऱ्या एखाद्या रोगाचे लक्षण असते : मेंदूतील रक्तस्राव, मेंदूच्या आवरणाचा दाह, गाठ, रक्तवाहिनीची सूज. दुसरीत डोकेदुखी हाच रोग असतो. अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी, आणि जिला ‘क्लस्टर’ म्हणतात ती भयानक डोकेदुखी, ही या दुसऱ्या वर्गातली. अर्धशिशीचा झटका उपचार न केल्यास चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकतो. बहुधा एका बाजूला ठणका, साध्या हालचालीनेही वाढणारा. मळमळ किंवा ओकारी. उजेड आणि आवाज असह्य होणे. काहींना झटक्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. बाराव्या शतकातील बिंगेनची संत हिल्डेगार्ड हिने आपल्या दर्शनांत पाहिलेले तेजाचे गोळे आणि तटबंदीसारखी वलये ही अर्धशिशीचीच खूण असावी, असे मत चार्ल्स सिंगर या विज्ञानेतिहासकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले होते. त्यात तथ्य असले तरी तिच्या दर्शनांचा अर्थ त्याने संपतो असे आम्हांला वाटत नाही. असो.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या साऱ्याचे निदान कोणत्याही यंत्राने होत नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ साली जेस ओलेसन या डॅनिश वैद्याच्या अध्यक्षतेखाली डोकेदुखीच्या विकारांचे पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ साली आली. जगभरचे तज्ज्ञ आज त्याच आधारे निदान करतात. पण ते उघडून पाहिले तर अर्धशिशीच्या कसोट्या म्हणजे रुग्णाने उच्चारावयाची वाक्येच आहेत : कुठे दुखते, कसे दुखते, किती वेळ, चालल्याने वाढते काय, उजेड सोसतो काय, असे झटके निदान पाच वेळा आले काय. सबंध शास्त्र माणसाच्या साक्षीवर उभे आहे. आणि ज्या समाजाला साक्षीपेक्षा कागदावर अधिक विश्वास आहे, त्याची येथेच पंचाईत होते.

‘रिपोर्ट नॉर्मल आला’ या वाक्याचा विचार करावा. एमआरआयच्या बोगद्यातून बाहेर आलेल्या स्त्रीला हे शब्द ऐकून हायसे वाटावयास हवे, आणि क्षणभर ते वाटतेही. पण संध्याकाळपर्यंत तेच वाक्य घरात तिच्याविरुद्धचा निकाल होऊन बसते. डॉक्टरांनी तर सांगितले की काही नाही; मग आज पुन्हा अंधार करून का झोपली? वास्तविक नेहमीच्या अर्धशिशीत स्कॅन निर्दोषच असतो, कारण स्कॅन आकार दाखवितो आणि बिघाड कार्यात असतो. मिठाई कडू लागत असल्याची तक्रार घेऊन कुणी तराजूपाशी गेला आणि वजन बरोबर भरले, तर मिठाई गोड आहे असे सिद्ध होत नाही. तरीही कित्येक कुटुंबे स्कॅनवर हजारो रुपये खर्च करतात ते निदानासाठी कमी आणि दाखल्यासाठी जास्त. तो दाखला मिळत नाही, तेव्हा पैसेही गेले आणि अब्रूही गेली अशी त्या बाईची अवस्था होते.

‘बाई’ हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. अर्धशिशी स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीतिपटीने आढळते. बंगळूर शहर आणि त्याभोवतीची खेडी येथे २,३२९ प्रौढांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण शेकडा सुमारे पंचवीस, म्हणजे चारांत एक निघाले. स्त्रियांत अधिक, आणि शहरापेक्षा खेड्यांत अधिक. श्रीमंतांचा आजार म्हणणाऱ्यांनी ही शेवटची बाब पाहावी. २०१९ सालच्या जागतिक रोगभाराच्या हिशेबात, माणसाला जिवंतपणी निकामी करणाऱ्या कारणांमध्ये अर्धशिशी दुसऱ्या स्थानी होती, आणि पन्नाशीच्या आतील तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या.

इतका मोठा आजार इतका दुर्लक्षित का राहावा? याचे एक उत्तर खुद्द वैद्यकाच्या इतिहासात आहे. हॅरल्ड वुल्फ हा न्यूयॉर्कचा थोर संशोधक. तो स्वतः अर्धशिशीने ग्रस्त होता. १९३० च्या दशकात त्याने डोकेदुखीला प्रयोगशाळेत आणले, हे त्याचे मोठे ऋण. परंतु त्यानेच ‘अर्धशिशीचे व्यक्तिमत्त्व’ ही कल्पनाही रूढ केली : हे रुग्ण महत्त्वाकांक्षी, काटेकोर, ताठर, स्वतःला न सोडणारे असतात, अशी. पुढे ती कल्पना शास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. पण लोकव्यवहारात तिची मुळे खोल गेली. रोगाचे कारण रोग्याच्या स्वभावात सापडले की ऐकणाऱ्याची जबाबदारी हलकी होते. ‘तू फार विचार करतेस’ हे आमच्याकडील त्याचे घरगुती रूप. जोआना केम्पनर या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने २०१४ साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाला शीर्षकच मुळी पत्नीच्या डोकेदुखीवरच्या जुन्या विनोदावरून दिले आहे. ज्या दुखण्यावर विनोद होतो, त्याच्या संशोधनावर पैसा खर्च होत नाही, असा तिच्या प्रतिपादनाचा रोख आहे आणि तो आम्हांला पटतो.

डोकेदुखीसाठी स्वतंत्र विशेषोपचार ही कल्पना त्यामानाने नवी आहे. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात माँटेफिओर रुग्णालयात १९४५ साली डॉ. आर्नल्ड फ्रीडमन यांनी डोकेदुखीचे केंद्र सुरू केले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले मानले जाते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ ग्लोस्ट्रुप येथे २००१ साली राष्ट्रीय स्वरूपाचे डोकेदुखी केंद्र उभे राहिले. तेथे मेंदूविकारतज्ज्ञाबरोबर परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र काम करतात. मुंबईतही डॉ. के. रविशंकर यांच्यासारख्या तज्ज्ञांनी डोकेदुखीसाठी स्वतंत्र चिकित्सालये चालविली. २००६ साली त्यांनी ९४ भारतीय रुग्णांवरील निरीक्षणे एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या रुग्णांत डोक्यावरून नाहणे हेच झटक्याचे निमित्त होते. आमच्या आयाबहिणी हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या होत्या. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत ते नव्हते म्हणून ते ‘काहीतरीच’ ठरत होते. कुणीतरी ऐकून, मोजून, लिहून ठेवले तेव्हा ते ज्ञान झाले.

अशा केंद्रात नेमके काय घडते? बाहेरून पाहणाऱ्याची थोडी निराशाच व्हावी. मोठी यंत्रे नाहीत, शस्त्रक्रियागृह नाही. प्रथम वेळ दिला जातो. त्यानंतर धोक्याच्या खुणा शोधल्या जातात : काही क्षणांत कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, तापाबरोबर मान ताठणे, हातापायांतील शक्ती जाणे, वाचा अडखळणे, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने उद्भवलेली. यांपैकी काही आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावता तपासण्या होतात. शूनेमच्या मुलाचे दुखणे या जातीचे असावे. नसल्यास रुग्णाच्या हाती एक साधी वही दिली जाते. तारीख, वेळ, दुखण्याची तीव्रता, घेतलेली गोळी, पाळी, जागरण, उपवास. तीन महिन्यांनी ती वही घेऊन यावयाचे. आम्हांला या वहीत मोठा अर्थ दिसतो. ज्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता, त्याच्याच हातचे लिखाण येथे मुख्य पुरावा म्हणून स्वीकारले जाते.

केवळ ऐकल्याने किती फरक पडतो याचे उदाहरण म्हणून क्लस्टर डोकेदुखीकडे पाहावे. ही बहुधा पुरुषांना होते. दररोज ठराविक वेळी, पुष्कळदा मध्यरात्री, एका डोळ्यामागे कुणी तापलेली सळई खुपसावी तसे दुखते. डोळा लाल होतो, पाणी वाहते, नाक चोंदते. अर्धशिशीचा रोगी निपचित पडून राहतो, हा मात्र येरझारा घालतो, भिंतीवर डोके आपटतो. पंधरा मिनिटे ते तीन तास असा हा प्रकार चालतो. कित्येकांचे वर्षानुवर्षे सायनसवर उपचार होत राहतात, निरोगी दाढा उपटल्या जातात. आणि या माणसाला हवे असते काय? बरेचदा मुखवट्यातून मिनिटाला बारा लिटर या वेगाने दिलेला शुद्ध प्राणवायू. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका चाचणीत पंधरा मिनिटांत पूर्ण किंवा पुरेसा आराम पडण्याचे प्रमाण प्राणवायूने शेकडा ७८ आणि साध्या हवेने शेकडा २० आढळले. प्राणवायूचे नळकांडे आज तालुक्याच्या रुग्णालयातही असते. उणीव असते ती, डोळा कुठल्या बाजूचा लाल होतो आणि रात्री किती वाजता जाग येते, हे दोन प्रश्न विचारणाऱ्याची.

येथपर्यंत आमचे म्हणणे सोपे आहे : विश्वास ठेवा. परंतु प्रश्न येथे संपता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. विश्वास कशावर ठेवावयाचा, हे डोकेदुखीच्या बाबतीत फार काळजीपूर्वक ठरवावे लागते.

कारण याच विकारात औषधच रोग होऊन बसते. ज्याला मुळात अर्धशिशी आहे त्याने तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, अथवा दहा किंवा अधिक दिवस मिश्र गोळ्या, अफूवर्गीय औषधे किंवा ट्रिप्टान घेतली, तर गोळ्यांच्या अतिवापराने रोजची डोकेदुखी जडू शकते. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन-चार रुपयांना मिळणारी गोळी ती हीच. झटका येईल या भीतीने ती आधीच घेतली जाते. तिचा अंमल उतरला की डोके पुन्हा धरते, म्हणून पुन्हा गोळी. असा रुग्ण विशेषोपचार केंद्रात येतो तेव्हा त्याचे म्हणणे एकच असते : गोळीशिवाय मी जगू शकत नाही. आणि डॉक्टरांना त्याला सांगावे लागते की, हीच गोळी सोडावयाची आहे. ग्लोस्ट्रुपच्या केंद्रात यासाठी ठराविक मुदतीचा, सर्वांच्या देखरेखीखालचा क्रम आखलेला असतो. पहिले काही दिवस दुखणे वाढते, नंतर बहुतेकांचे कमी होत जाते.

नीतीच्या दृष्टीने हा क्षण अत्यंत नाजूक होय. आतापर्यंत ज्याला सर्वांनी खोटे ठरविले, त्याला आता ‘हे तुमच्या गोळ्यांमुळे होत आहे’ असे सांगणे म्हणजे जुन्याच आरोपाची नवी आवृत्ती वाटू शकते. आमच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. वेदना आहे की नाही, याबाबत रुग्णाची साक्ष अंतिम होय. तीत इतर कुणाला मत नाही. वेदना कशामुळे आहे, याबाबत मात्र रुग्णाची साक्ष इतरांच्या साक्षीसारखीच तपासून घ्यावी लागते. या दोहोंत गल्लत झाली की एकीकडे निर्दयपणा येतो आणि दुसरीकडे लाड. कारणाविषयी त्याचे चुकत आहे म्हणून दुखण्याविषयीही तो खोटा, असे म्हणणारा निर्दय. दुखणे खरे म्हणून मागेल ती गोळी देणारा, ज्याला दया समजतो ती केवळ स्वतःची सुटका असते. चांगले केंद्र पहिली साक्ष पूर्ण स्वीकारते म्हणूनच दुसरीबद्दल स्पष्ट बोलण्याचा अधिकार त्याला पोहोचतो. ज्याच्यावर कधी विश्वासच ठेवला गेला नाही, तो गोळी सोडावयास तयार तरी का होईल?

विज्ञानाने या साक्षीला नंतर दुजोराही दिला. चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा पदार्थ स्रवतो. झटक्याच्या वेळी मानेच्या शिरेतील रक्तात तो वाढलेला असतो, असे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० साली दाखविले. त्यावरून पुढे नवी औषधे निघाली. त्यांतील पहिले प्रतिपिंड औषध, एरेन्युमॅब, अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले. या दोघांना ओलेसन आणि मायकेल मॉस्कोविट्झ यांच्यासह २०२१ सालचे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण १९९० पूर्वी ज्यांचे डोके दुखत होते त्यांचे दुखणे तेव्हाही तितकेच खरे होते. पुरावा नव्हता, इतकेच.

आता श्रद्धावंतांच्या घरांत हमखास निघणाऱ्या मुद्द्याकडे वळू. ‘देवाला अर्पण कर’ असे दुखणाऱ्याला सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू शुद्धच असतो. ख्रिस्ताच्या दुःखात आपले दुःख मिसळण्याला आमच्या परंपरेत मोलाचे स्थान आहे, आणि अंधाऱ्या खोलीत पडून तसे करणाऱ्या जीवांपुढे आम्ही मस्तक लववतो. परंतु अर्पण ही ज्याची वेदना त्यानेच करावयाची गोष्ट. दुसऱ्याची वेदना आपल्याला अर्पण करता येत नाही, तशी मागताही येत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात औषधाने वेदना टाळणे धर्माला मान्य असल्याचे स्पष्ट केले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर १९८४ साली जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्याचाही ओघ अखेरीस शोमरोनी माणसाकडेच येतो. दुःख सोसणाऱ्याला त्यात अर्थ सापडू शकतो. पाहणाऱ्याला मात्र त्यात फक्त काम सापडते.

राहिला प्रश्न न्यायाचा. आमच्या देशात क्षयाने माणसे मरतात, बाळंतिणी मरतात. तेथे न मारणाऱ्या दुखण्यासाठी विशेष केंद्रे ही चैन नव्हे काय? हा आक्षेप टाकाऊ नाही. त्याला उत्तर केंद्रांच्या संख्येत नसून रचनेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २००४ साली सुरू झालेल्या डोकेदुखीविषयक मोहिमेने तीन पायऱ्यांची रचना सुचविली आहे. शंभरांतील नव्वद रुग्णांची व्यवस्था नेहमीच्या डॉक्टरांकडेच व्हावी. उरलेल्यांपैकी बहुतेकांची थोड्या अधिक प्रशिक्षित डॉक्टरांकडे. आणि तज्ज्ञ केंद्राची गरज शंभरांत एकालाच पडावी. म्हणजे मोठ्या शहरातील एक चांगले केंद्र हे खालच्या पायऱ्यांना शिकविणारी शाळा ठरते. अर्धशिशी टाळणारी जुनी औषधे, प्रोप्रानोलॉल किंवा ॲमिट्रिप्टिलिन, अगदी स्वस्त आहेत. ती कुणाला द्यावी आणि कुणाला देऊ नये, दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल का वर्ज्य, हृदयविकार असलेल्याला ट्रिप्टान का नको, गर्भवती होऊ शकणाऱ्या स्त्रीला व्हॅल्प्रोएटचा धोका काय, हे कळणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी हवा. महागड्या औषधांचा प्रश्न वेगळा आहे. एरेन्युमॅबची अमेरिकेतील आरंभीची किंमत वर्षाला सुमारे ६,९०० डॉलर होती. इंग्लंडमध्ये २०२१ साली त्याला सरकारी सेवेत मान्यता मिळाली ती, निदान तीन इतर औषधे निष्फळ ठरल्यानंतरच, अशा अटीवर. अट समजण्यासारखी आहे. तरी तीन वेळा हरल्याचा दाखला आणल्यावाचून दार उघडत नाही, यातील कठोरपणा ती घालणाऱ्यांनाही जाणवला असेल, असे आम्ही धरून चालतो.

आमच्या धर्मग्रामांतून नेत्रशिबिरे होतात, रक्तदाबाची, मधुमेहाची तपासणी होते. डोकेदुखीचे शिबिर कुणी भरविल्याचे आमच्या कानी नाही. मोतीबिंदूंची संख्या दुपारपर्यंत फळ्यावर लिहिता येते, डोकेदुखीची येत नाही, हे त्याचे कारण असावे. आणि दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी जी बाई महिन्यातून चार दिवस झटक्याने येऊ शकत नाही, तिचे ते दिवस मालकिणीच्या वहीत खाडे म्हणून पडतात. तापाचा खाडा कपाळाला हात लावून पाहता येतो. तिच्या या खाड्याला तिच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नसतो, आणि कापलेला पगार मात्र मोजून घेता येतो.

छापील वही सर्वांना मिळणार नाही, सर्वांना लिहिताही येणार नाही. पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवरील दिनदर्शिका घरोघरी असते आणि तिच्यावर दुधाच्या खाड्याची खूण करावयास कुणाला शिकवावे लागत नाही. त्याच चौकटीत डोके दुखल्याच्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतल्याच्या दिवशी एक टिंब करता येते. महिनाअखेर टिंबे दहाच्या घरात जाऊ लागली तर दुकानातून पुढची पट्टी आणण्याऐवजी डॉक्टर गाठावे, आणि जाताना गेल्या तीन महिन्यांची पाने बरोबर न्यावीत.